पुडी बंद झाली आणि आई अंथरुणाला खिळली
वाचकांचे प्रश्न : या वेळी ॲड्रिनल ग्रंथी

थायरॉइडवरच्या गेल्या लेखानंतर ॲड्रिनल ग्रंथींबद्दल विचारणारी बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला मी मुद्दाम जास्त जागा दिली आहे. सोलापुरातल्या माझ्या ओपीडीत असे पेशंट सतत येतात, आणि त्यातल्या बहुतेकांना वाचवता येण्यासारखं असतं, फक्त घरच्यांना वेळेत कळायला हवं.

प्रश्न : माझी आई 61 वर्षांची आहे. तिच्या गुडघेदुखीसाठी आम्ही आठवडी बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडून पुड्या आणायचो. रोज सकाळी एक. ‘सगळी जडीबुटी आहे’ असं तो सांगायचा. दोन दिवसांत फरक पडला, भूक वाढली, चेहरा भरला. दीड वर्ष असं चाललं. मग तो यायचाच बंद झाला. पुड्या संपल्यावर आठ-दहा दिवसांत आईला उलट्या, चक्कर, उठवेना. दवाखान्यात नेलं तर वरचं बीपी 80, सोडियम 121. डॉक्टर म्हणाले, ‘किडनीवरच्या ग्रंथी झोपल्यात, स्टिरॉइड द्यावं लागेल.’ दुखत होते गुडघे, मग या ग्रंथी मधेच कुठून आल्या? आणि पुडीतही स्टिरॉइडच असणार म्हणतात, मग तेच परत का द्यायचं?
— एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर : दादा, आधी एक सांगते. डॉक्टरांनी योग्य तेच केलं आहे. त्यांनी दिलेल्या गोळ्या एकही दिवस चुकवू नका. ‘स्टिरॉइड वाईट असतं’ असं शेजारीपाजारी कोणी म्हणालं तरी नाही.

दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर एकेक ॲड्रिनल ग्रंथी असते. पाठ्यपुस्तकांत तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. किडनीच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या तरी ही ग्रंथी बिघडलेली असू शकते. तिचा आतला गाभा ॲड्रिनॅलिन तयार करतो, त्याबद्दल पुढे विंचवाच्या प्रश्नात बोलू. बाहेरच्या भागात तीन थर असतात. सगळ्यात वरचा थर अल्डोस्टेरॉन बनवतो. ते अंगातलं मीठ धरून ठेवतं आणि जादा पोटॅशियम लघवीवाटे बाहेर काढतं. मधला थर सगळ्यात जाड, तो कॉर्टिसोल बनवतो, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड. आतला थर थोडी पुरुषी हार्मोन्स बनवतो, बायकांच्या अंगातसुद्धा. तुमच्या आईंच्या बाबतीत बंद पडला आहे तो मधला थर.

कॉर्टिसोल पहाटे वाढायला लागतं, सकाळी उठायच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि मध्यरात्री सगळ्यात कमी. उपाशीपोटी साखर पडू न देणं, रक्तवाहिन्यांचा ताण राखून बीपी टिकवणं, सूज आवरणं ही त्याची रोजची कामं. ताप आला, हाड मोडलं, ऑपरेशन झालं की शरीर ते नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बनवतं, म्हणून माणूस आजारपण निभावून नेतो.

किती बनवायचं हे ग्रंथी स्वतः ठरवत नाही. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग त्याच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी एसीटीएच नावाचं हार्मोन सोडते आणि त्याच्या हुकमावर ॲड्रिनल चालते. रक्तात कॉर्टिसोल पुरेसं झालं की वरून हुकूम येणं थांबतं. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीला फ्लोट असतो, टाकी भरली की मोटर बंद. आता समजा, ती टाकी रोज सकाळी कोणीतरी टँकरने काठोकाठ भरून जातोय. मोटर कधी चालूच होणार नाही. दीड वर्षाने एके दिवशी टँकर यायचा थांबला तर बटण दाबल्यादाबल्या ती मोटर फिरेल याची खात्री नाही. पुडी म्हणजे तो टँकर होता.

मी ती पुडी तपासलेली नाही. पण दोन दिवसांत उतार, खवळलेली भूक, भरलेला चेहरा आणि बंद केल्यावर कोसळणं हा क्रम स्टिरॉइडचाच. अशा पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या कुटून मिसळल्याचं वारंवार सापडलं आहे. डेक्सामेथासोनचा पाऊण मिलिग्रॅम म्हणजे शरीरातल्या 20 मिलिग्रॅम कॉर्टिसोलइतकी ताकद, आणि निरोगी माणूस एरवी दिवसभरात तेवढंही बनवत नाही. चिमूटभर पावडरीत किती मावत असेल याचा विचार करा.

गुडघे थांबले ते खरंच थांबले होते, आईंना तसं नुसतं वाटत नव्हतं. सप्टेंबर 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका 29 वर्षांच्या बाईंना कॉर्टिसोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली. अंथरुणातून उठणं ज्यांना जड होतं त्या काही दिवसांत चालू लागल्या. हेंच आणि ॲड्रिनलच्या हार्मोन्सवर काम करणारे केंडल व राइखस्टाइन यांना 1950 मध्ये नोबेल मिळालं. पुढे महिनोन्महिने औषध घेणाऱ्यांचे चेहरे सुजायला लागले, हाडं ठिसूळ व्हायला लागली, तेव्हा त्याची दुसरी बाजू डॉक्टरांना दिसली. बाजारात बसणारा माणूस तुम्हाला पहिला आठवडा विकतो. पुढच्या दीड वर्षाबद्दल तो काही बोलत नाही.

ओपीडीत अशा बायका आल्या की मी आधी त्यांचे हात बघते. बांगडी घासते तिथे जांभळे डाग, कातडी इतकी पातळ की चिकटपट्टी काढताना सोलून निघते. गाल वाटोळे आणि लालसर, पोट सुटलेलं, पण मांड्या बारीक. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा आधार लागतो, कारण मांडीचे स्नायू झिजलेले असतात. साखर वाढलेली, कधी मोतीबिंदू, कधी मणका दबलेला. घरचे सांगतात, ‘तब्येत सुधारली होती हो, अंगावर मूठभर मांस चढलं होतं.’ ते ऐकताना मला फार वाईट वाटतं. पोटाला चिमटा घेऊन त्या पुड्यांचे पैसे उभे केलेले असतात.

आता गोळ्या परत का, तर आईंच्या शरीरात आज कॉर्टिसोल बनतच नाही आणि त्याशिवाय माणूस जगत नाही. दवाखान्यातून दिलेलं हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे गोळीतलं कॉर्टिसोलच, साधारणपणे शरीराच्या रोजच्या गरजेएवढंच असतं, दिवसाला 15 ते 20 मिलिग्रॅमच्या आसपास, त्यातला मोठा भाग सकाळी. पुडीतला डोस त्याच्या कितीतरी पट असू शकतो. काही महिन्यांनी डॉक्टर सांगतील तेव्हा, आधीच्या दिवसाची सकाळची गोळी झाल्यानंतर पुढे काही न घेता, दुसऱ्या दिवशी आठ वाजता रक्तातलं कॉर्टिसोल तपासायचं. ते डेसिलिटरला 10 मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर ग्रंथी जागी झाली असं धरून गोळ्या थांबवता येतात. 5 च्या खाली असेल तर अजून वाट बघायची. मधे असेल तर डॉक्टर गोळ्या चालू ठेवून पुन्हा तपासतील. काहींना सहा महिने लागतात, काहींना वर्ष उलटतं. तोवर ताप आला तर डोस दुप्पट किंवा तिप्पट करायचा, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर ताबडतोब हायड्रोकॉर्टिसोनचं 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन. हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद आईंच्या आधार कार्डासोबत ठेवा. साखर, डोळे आणि हाडांची घनता हेही तपासून घ्या. गुडघ्यांसाठी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, त्या दुखण्याचे उपचार वेगळे आहेत.

एखादी पुडी घरात उरली असेल तर फेकू नका. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रारीसोबत ती द्या. त्या बाजारातून तुमची आई एकटीच पुड्या आणत नव्हती.

आणि ज्यांना दम्यासाठी, किडनीच्या आजारासाठी, संधिवातासाठी डॉक्टरांनी चिठ्ठीवर नाव आणि डोस लिहून स्टिरॉइड दिलं आहे, त्यांनी हे वाचून गोळ्या बंद करू नयेत. हात जोडून सांगते. 2020 मध्ये ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड पेशंटचे मृत्यू ज्या औषधाने कमी केले ते रोजचं 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोनच होतं.

प्रश्न : मी आयटीत आहे, वय 34. सतत थकवा. ऑनलाइन थुंकीची तपासणी केली, त्यात ‘ॲड्रिनल फटीग, स्टेज 2’ आलं. सोबत तीन महिन्यांच्या सप्लिमेंट्स सुचवल्यात. घेऊ का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नका घेऊ. थकवा खरा आहे, निदान खरं नाही. ताणाने ॲड्रिनल दमते आणि कॉर्टिसोल कमी पडतं, असा आजार हार्मोनतज्ज्ञांच्या कोणत्याही मोठ्या संघटनेने मान्य केलेला नाही. ब्राझीलच्या दोन संशोधकांनी 2016 मध्ये या विषयावरचे 58 अभ्यास तपासले आणि असा आजार असल्याचा पुरावा नाही, असं स्पष्ट लिहिलं. ताण असताना ग्रंथी उलट जास्त काम करते. थुंकीतलं कॉर्टिसोल आम्हीही तपासतो, पण रात्री झोपायच्या वेळी आणि ते जास्त आहे का हे बघायला.

त्या डब्यांवरचा मजकूर नीट वाचा. काहींत जनावरांच्या ग्रंथींचा अर्क असतो, आणि अशा काही उत्पादनांत न लिहिलेलं स्टिरॉइड सापडलेलं आहे. म्हणजे बार्शीच्या बाजारातली तीच पुडी चकचकीत डब्यात. त्याऐवजी हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-12, साखर तपासा. रात्री घोरता का, हे घरच्यांना विचारा. किती तास झोपता आणि मन उदास असतं का, हे डॉक्टरांना मोकळेपणी सांगा. वजन घटत असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, तर मात्र सकाळी आठचं कॉर्टिसोल जरूर करा. तो खरा आजार पुढे शेवटच्या प्रश्नात आहे.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या पुतण्याला भातकापणीच्या वेळी लाल विंचू चावला. घाम फुटला, हातपाय गार पडले, छाती धडधडत होती. सरकारी दवाखान्यात त्याला बीपी कमी करायची गोळी दिली. विंचवाच्या विषावर बीपीची गोळी कशी? आता तो बरा आहे, पण समजून घ्यायचं आहे.
— एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : पोरगा बरा आहे हे वाचून बरं वाटलं. ज्यांनी ती गोळी वेळेवर दिली त्यांनी त्याचा जीव वाचवला असण्याची पुरेपूर शक्यता आहे.

ॲड्रिनलचा आतला गाभा हा खरं तर मज्जासंस्थेचाच भाग. त्याला निरोप रक्तातून येत नाही, थेट नसेतून येतो, म्हणून पायाखाली साप दिसला की कळायच्या आधी छाती धडधडते. गाभ्यातून मुख्यतः ॲड्रिनॅलिन आणि थोडं नॉरॲड्रिनॅलिन सुटतं. हृदय जोरात चालतं, कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, यकृतातून साखर रक्तात येते. दोन-तीन मिनिटांत रक्तातलं ॲड्रिनॅलिन निम्म्यावर येतं आणि माणूस शांत होतो.

कोकणातल्या लाल विंचवाचं विष नसांच्या टोकांवरचे सोडियमचे मार्ग उघडेच ठेवतं. त्यामुळे नसा निरोप पाठवायच्या थांबत नाहीत. आधी घाम, उलट्या, लाळ. मग नसांच्या टोकांतून आणि ॲड्रिनलच्या गाभ्यातून ही हार्मोन्स तासन्तास ओतली जातात. हातपाय गार पडतात ते रक्तवाहिन्या आवळल्याने. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं, तोंडाला गुलाबी फेस येतो. पूर्वी गंभीर लक्षणं असलेल्या शंभरातले तीस-चाळीस जण दगावत.

हे चित्र बदललं ते तुमच्याच जिल्ह्यात. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशा पेशंटच्या उशाशी रात्री काढल्या, दर थोड्या वेळाने नाडी, बीपी, लक्षणं लिहून ठेवली. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही गोळी इथे चालायला हवी, असं त्यांना त्या नोंदींवरून वाटलं. पुढे महाडमध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्करांसोबत त्यांनी हे काम चालू ठेवलं. मृत्यूचं प्रमाण शेकडा एक-दोनच्या आसपास आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला विचाराल तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला हे काम पहिल्या वर्षीच शिकवायला हवं, ॲड्रिनलच्या धड्यासोबत.

गावातल्या सगळ्यांना दोन गोष्टी सांगा. प्राझोसिन दिल्यावर मुलाला आडवंच ठेवायचं. उचलून कडेवर घेतलं किंवा उभं केलं तर बीपी एकदम पडू शकतं. आणि चावलं काय ते डॉक्टरांना नक्की सांगायचं. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून अंगावर गांधी, घशाला सूज, श्वास अडकणं असं झालं तर उपाय बरोब्बर उलटा असतो. तिथे मांडीत ॲड्रिनॅलिनचंच इंजेक्शन तातडीने द्यावं लागतं.

प्रश्न : मुतखड्यासाठी सीटी स्कॅन केला, त्यात डाव्या ॲड्रिनलवर 18 मिलिमीटरची गाठ दिसली. कॅन्सर असेल का? झोप उडाली आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, अशा गाठी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये नेहमी सापडतात आणि बहुसंख्य निरुपद्रवी असतात. दोनच गोष्टी बघायच्या. पहिली, सीटीच्या रिपोर्टमध्ये गाठीची घनता : 10 हाउन्सफिल्ड युनिट (सीटीवर घनता मोजायचं एकक) किंवा कमी आणि गाठ एकसारखी असेल तर ती चरबीयुक्त साधी गाठ. दुसरी, ती हार्मोन बनवते का. त्यासाठी रात्री अकरा वाजता डेक्सामेथासोनची 1 मिलिग्रॅमची गोळी घेऊन सकाळी आठला कॉर्टिसोल तपासतात. बीपी जास्त असेल तर अल्डोस्टेरॉन आणि त्याला हुकूम देणाऱ्या साखळीतलं किडनीचं रेनिन. पोटॅशियम नॉर्मल असलं तरी ही तपासणी टाळू नका. तरुण वयात बीपी वाढलेल्या किंवा तीन-तीन गोळ्यांनी न हटणाऱ्या कितीतरी लोकांना मूळ कारण ॲड्रिनलमध्ये आहे हे कधी कळतच नाही. घनता जास्त असेल, किंवा डोकेदुखी, घाम, धडधड असे झटके येत असतील, तर मेटानेफ्रिनची, म्हणजे ॲड्रिनॅलिनपासून बनणाऱ्या पदार्थाची, तपासणी. ती झाल्याशिवाय गाठीत सुई घालू देऊ नका. गाठ ॲड्रिनॅलिन बनवणारी असेल तर सुई टोचल्यावर बीपी जिवावर बेतण्याइतकं चढू शकतं.

प्रश्न : माझ्या मालकांना नऊ वर्षांपूर्वी टीबी झाला होता. दोन वर्षांपूर्वी रंग काळवंडत गेला, वजन घटलं, जेवताना ताटातलं मीठ नुसतं चाटायचे. शेवटी ॲडिसनचा आजार निघाला. गोळ्या चालू केल्यावर माणूस उभा राहिला. आता त्यांना आळंदीहून वारीला चालत जायचंय. पाठवू का? एकादशीही धरतात.
— एक वाचक, लोणंद

उत्तर : ताई, पाठवा, पण तयारीने.

ॲड्रिनल ग्रंथीच नष्ट होण्याचा हा आजार लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी 1855 मध्ये 11 पेशंटच्या वर्णनासह मांडला. त्यांतल्या अनेकांच्या ग्रंथी टीबीने पोखरलेल्या होत्या. आपल्याकडे टीबी आजही या आजाराचं मोठं कारण आहे. फुप्फुसं बरी झाल्यावर कित्येक वर्षांनी तो दिसतो, कारण दोन्ही ग्रंथींचा बहुतेक भाग नष्ट होईपर्यंत उरलेला तुकडा काम ओढत राहतो. कॉर्टिसोल कमी पडलं म्हणून पिट्युटरी एसीटीएच सोडतच राहते आणि त्याच हार्मोनमुळे कातडीतलं रंगद्रव्य वाढतं. नुसता चेहरा काळवंडला तर लोक उन्हावर ढकलतात. हिरड्या, तळहाताच्या रेषा, बोटांची पेरं आणि जुने व्रण काळे झाले तर ऊन हे कारण नव्हे. मिठाची ओढ अल्डोस्टेरॉन गेल्यामुळे. लघवीतून मीठ वाहून जातं, तेव्हा शरीर ते मागतं. बार्शीच्या आईंच्या आजारात अल्डोस्टेरॉनचा थर शाबूत असतो, तुमच्या मालकांचे सगळेच थर गेले. म्हणून त्यांना हायड्रोकॉर्टिसोनसोबत अल्डोस्टेरॉनचं काम करणारं फ्लुड्रोकॉर्टिसोनही लागतं, आणि दोन्ही जन्मभर. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी याच आजारावर औषधं घेऊन राज्यकारभार करत होते.

एक गोष्ट टीबीचीच. पुन्हा कधी टीबीचे उपचार सुरू झाले तर त्यातलं रिफाम्पिसिन हायड्रोकॉर्टिसोन लवकर संपवतं. तेव्हा डोस वाढवावा लागतो. ॲडिसन आहे हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्या दिवशी सांगा.

आता वारी. निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून सोडियम, पोटॅशियम आणि बीपी तपासून घ्या. घामाच्या दिवसांत फ्लुड्रोकॉर्टिसोन थोडं वाढवायचं का, दिवे घाटासारख्या चढाच्या दिवशी सकाळी जादा गोळी घ्यायची का, ते त्यांनाच ठरवू द्या. पाण्यात मीठ, साखर, लिंबू किंवा ओआरएस दिवसभर चालू असू द्या. एकादशीला फराळ करू दे, साबुदाणा, भगर, शेंगदाणे, पण निर्जळी नाही आणि गोळी चुकवायची नाही. गोळी पाण्याबरोबर घेतली म्हणून उपास मोडत नाही.

गोळ्यांचे दोन साठे करा, एक त्यांच्या कमरेच्या पिशवीत, एक दिंडीच्या ट्रकमधल्या सामानात. सोबत हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅमच्या दोन कुप्या, विरघळवायचं पाणी, सिरिंज. दिंडीतल्या एका खंबीर माणसाला मांडीत इंजेक्शन द्यायला तुमच्या डॉक्टरांकडून शिकवून घ्या. दोनदा उलटी झाली, जुलाब लागले, माणूस गळून बसला किंवा बडबडायला लागला, तर आधी इंजेक्शन आणि मग ॲम्ब्युलन्स. गर्दीत ॲम्ब्युलन्स पोचायला उशीर लागू शकतो, इंजेक्शन तितकं थांबू शकत नाही. गळ्यात तुळशीच्या माळेसोबत प्लॅस्टिकमध्ये घातलेलं कार्ड असू द्या. त्यावर नाव, दिंडी क्रमांक, तुमचा फोन आणि ठळक मराठीत : ‘ॲडिसनचा आजार. बेशुद्ध आढळल्यास तत्काळ हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅम आणि सलाईन द्यावे.’ पालखी मार्गावर आरोग्य पथकं असतात, त्यांना हे कार्ड वाचून काय करायचं ते कळेल.